दुसरी फुंकर

गेल्या आठवड्यात इफ्तारला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. बारा वर्षांपूर्वी तो आमच्या कॉलेजात बारावी सायन्सला होता, आता एका विमान कंपनीत को-पायलट आहे. सोलापुरातल्या आमच्या मोहल्ल्यातून विमान चालवायला गेलेला तो पहिलाच मुलगा. वडिलांचं सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं. मुलाच्या प्रशिक्षणासाठी त्यांनी राहतं घर गहाण ठेवलं होतं, हे मला ठाऊक आहे, कारण बँकेच्या कागदांवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

अजान झाली, खजूर तोंडात टाकून आम्ही पाणी प्यालो. नमाज आटोपल्यावर त्याने खिशातून एक छोटी कुपी काढून माझ्या हातात दिली. खसाचं अत्तर होतं. म्हणाला, "सर, मी परफ्यूम वापरणं सोडलंय. आता फक्त अत्तर." मी सहज विचारलं, असं का? तेव्हा त्याने मागच्या रमजानची गोष्ट सांगितली. ती ऐकून हा लेख लिहावा असं वाटलं. लिहू का, असं त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "माझं आणि कंपनीचं नाव नको. बाकी सगळं लिहा."

पहाटेचं विमान होतं. ड्युटीच्या दिवशी तो रोजा ठेवत नाही. मुसाफिराला तशी सवलत आहे, राहिलेले रोजे तो नंतर पूर्ण करतो. दीडशे माणसांचा जीव हातात असताना उपाशीपोटी बसू नये, असं त्याच्या घरच्यांचंही मत. नेहमीप्रमाणे तो डॉक्टरांच्या खोलीत गेला, दाराजवळच्या बाटलीतलं सॅनिटायझर हाताला चोळलं आणि हात पुरते कोरडे व्हायच्या आत यंत्र हातात घेऊन फुंकर मारली. दरवेळी ०.००० दिसणाऱ्या पडद्यावर या वेळी शेवटचा आकडा शून्य नव्हता.

ज्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्याच्या पायाखालची जमीन सरकली. डॉक्टर शांत होते. म्हणाले, तोंड धुऊन घ्या, चुळा भरा, वीस मिनिटं इथेच बसा. यंत्र ठीक आहे ना हे पाहून त्यांनी दुसरी चाचणी घेतली. ०.०००. ओल्या हातांवरच्या सॅनिटायझरची वाफ यंत्रात गेली असावी, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही नोंदी झाल्या, सह्या झाल्या, विमान वेळेवर उडालं. नियमाच्या दृष्टीने गोष्ट तिथेच संपली.

पण खोलीबाहेरच्या बाकावर तो डोकं धरून बसलेला असताना कुणीतरी त्याला पाहिलं होतं. दुपारपर्यंत एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार शब्द फिरले आणि तरावीहपर्यंत ते आमच्या मोहल्ल्यात पोचले. पोचताना त्यात भर पडलीच होती. "रोजाही ठेवत नाही, वर रमजानमध्ये पिऊन विमान चालवायला निघाला होता." ईदनंतर त्याचा साखरपुडा ठरला होता. मुलीच्या चाचांचा फोन आला, "थोडं थांबू या." अम्मींनी महिनाभर शेजारी जाणं-येणं बंद केलं. वडील मशिदीत मागच्या सफमध्ये जाऊन उभे राहू लागले.

त्याने मला विचारलेला प्रश्न असा : "सर, मशीनने वीस मिनिटांत मला बरी केलं. माणसांना एक वर्ष का पुरत नाही?"

या प्रश्नाकडे येण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ही चाचणी कडकच असली पाहिजे. १९७७ च्या जानेवारीत अलास्कातल्या अँकरेज इथून जनावरं घेऊन निघालेलं जपान एअरलाइन्सचं मालवाहू विमान उडताच कोसळलं आणि विमानातले पाचही जण गेले. कॅप्टन दारूच्या अंमलाखाली होता, असं चौकशीत निघालं. सप्टेंबर २००८ मध्ये रशियातल्या पर्म शहराजवळ प्रवासी विमान पडून ८८ जण मृत्युमुखी पडले, तिथेही कॅप्टनच्या शरीरात अल्कोहोल सापडलं. एका माणसाच्या एका पेल्याची किंमत किती जण मोजतात, हे या दोन अपघातांनी दाखवलं. म्हणून जगभर वैमानिकांसाठी नियम आहेत. अमेरिकेत दारू आणि उड्डाण यांच्यात किमान ८ तासांचं अंतर लागतं. आपल्याकडे ते १२ तासांचं आहे. ब्रिटनमध्ये १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिग्रॅम अल्कोहोल ही वैमानिकाची मर्यादा आहे, आपल्याकडे यंत्रावर शून्याशिवाय दुसरा आकडा चालत नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची शिक्षाही साधी नाही. चाचणीत पहिल्यांदा दोषी ठरला तर परवाना ३ महिने निलंबित. दुसऱ्यांदा ३ वर्षं. तिसऱ्यांदा परवाना रद्द. चाचणीला नकार दिला तरी तो दोषीच धरला जातो. विमानात बसणारा प्रवासी म्हणून मला यातलं काहीही कमी झालेलं नको आहे.

पण जिथे शिक्षा इतकी मोठी, तिथे आरोपाची शहानिशाही तितकीच कसून व्हायला हवी. त्यासाठी हे यंत्र नेमकं काय मोजतं, हे समजून घ्यावं लागेल.

श्वासावरून दारू ओळखणारं 'ब्रेथलायझर' हे यंत्र अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या पोलीस दलातले रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी १९५४ मध्ये बनवलं. पोटात गेलेलं अल्कोहोल रक्तात उतरतं, रक्तातून फुफ्फुसात येतं आणि खोल श्वासाबरोबर बाहेर पडतं. रक्तातल्या आणि श्वासातल्या प्रमाणाचा साधारण हिशोब २१०० ला १ असा धरतात. आजच्या फ्युएल सेलच्या यंत्रात हे अल्कोहोल प्लॅटिनमच्या पट्टीवर जळतं, त्यातून अगदी बारीक विजेचा प्रवाह तयार होतो आणि प्रवाह जितका जास्त तितका आकडा मोठा येतो. यंत्र इतकंच सांगतं की, माझ्यापर्यंत अल्कोहोल आलं. ते रक्तातून आलं, की चूळ भरलेल्या माऊथवॉशमधून, की हातावरच्या सॅनिटायझरमधून, हे पहिल्या फुंकरीत त्याला सांगता येत नाही. यंत्र खोटं बोलत नाही हे खरं, पण त्याला विचारलेला प्रश्न आणि आपण काढलेला अर्थ यांत पुष्कळ अंतर असतं.

दोन उदाहरणं देतो. २००७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी लठ्ठपणाविषयीच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात ५९ वर्षांच्या एका माणसाची हकीगत प्रसिद्ध केली. त्याच्या गाडीला असं यंत्र जोडलेलं होतं की, श्वासात अल्कोहोल आढळलं तर गाडी सुरूच होत नाही. एके दिवशी ती सुरू झाली नाही. माणूस मुळात दारूच न पिणारा. वजन उतरवण्यासाठी तो अत्यंत कमी उष्मांकाचा आहार घेत होता. अशा आहारात शरीर साठवलेली चरबी जाळतं, त्यातून अॅसिटोन तयार होतं. त्याचा काही भाग यकृतात आयसोप्रोपेनॉल या दुसऱ्याच प्रकारच्या अल्कोहोलमध्ये बदलला आणि यंत्राने तेच पकडलं, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. बसचालक आणि वैमानिक यांच्या चाचण्या घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, असंही त्यांनी लिहिलं. रोजेदार वाचकांनी यावरून घाबरू नये. तिथे नेटाने चाललेला कडक आहार होता. सहरी-इफ्तार व्यवस्थित करणाऱ्याच्या एका दिवसाच्या रोज्याशी त्याची तुलना होत नाही.

दुसरं उदाहरण केरळातलं. २०२५ च्या जुलैमध्ये पंदळमच्या एसटी डेपोत ड्युटीवर निघालेले चालक श्वासचाचणीत अडकले. आम्ही प्यालेलो नाही, असं ते शपथेवर सांगत होते. मग कुणीतरी डोकं चालवलं. चाचणीत शून्य आलेल्या माणसाला डेपोत आणलेल्या पिकलेल्या फणसाचे गरे खायला दिले आणि पुन्हा फुंकायला लावलं. यंत्राने त्यालाही दारुडा ठरवलं! गोड फळ जास्त पिकलं की आंबायला लागतं, हे आपल्या कोकणातली आजीही सांगेल. पण गरे देऊन पाहण्याचं तेव्हा कुणाला सुचलं नसतं, तर ते चालक घरी कोणत्या तोंडाने गेले असते?

म्हणून डीजीसीएच्या नियमांत दुसऱ्या चाचणीची तरतूद आहे, आणि ती फार मोलाची आहे. पहिला आकडा शून्याच्या वर आला की १५ ते २० मिनिटं थांबायचं. त्या वेळात चूळ भरता येते, तोंड धुता येतं. दुसऱ्या फुंकरीआधी यंत्र बरोबर चालतंय याची खात्री करायची, आणि मग निकाल. यामागचं शास्त्र सोपं आहे. तोंडात किंवा हातावर असलेलं अल्कोहोल तेवढ्या वेळात उडून जातं. रक्तातलं जात नाही. खरोखर प्यालेला माणूस वीस मिनिटांत शुद्ध होत नाही आणि न प्यालेल्यावरचा संशय वीस मिनिटांनंतर टिकत नाही.

मला हा नियम वाचताना आपल्याच शिकवणीची आठवण झाली. कुणी बातमी घेऊन आला तर आधी तपास करा, नाहीतर अजाणता एखाद्याचं नुकसान कराल आणि मागाहून पस्तावाल, असा सूरह हुजुरातचा आदेश आहे. सूरह नूरमध्ये पाकदामन स्त्रीवर तोहमत लावणाऱ्याने चार साक्षीदार आणले नाहीत, तर शिक्षा त्यालाच आहे आणि त्याची साक्ष पुढे मानायची नाही, असं फर्मावलं आहे. तो हुकूम एका विशिष्ट आरोपाचा आहे. पण त्यातला धडा सगळीकडे लागू आहे. सिद्ध करण्याचं ओझं बोलणाऱ्यावर असतं, ज्याच्याविषयी बोललं गेलं त्याच्यावर नाही.

भाषेचा शिक्षक म्हणून मला शब्दांचं नवल वाटतं. उर्दूत पाठीमागे केलेल्या खऱ्या निंदेला गीबत म्हणतात आणि खोट्या निंदेला बोहतान. मराठीत तर यासाठी शब्दांची रांगच आहे : आळ, बालंट, किटाळ, कुभांड. आळ कुणीतरी घेतं, कुभांड कुणीतरी रचतं. पण बालंट 'येतं' आणि किटाळ 'उठतं'. जणू ते आणणारं, उठवणारं कुणी नाहीच! माझ्या विद्यार्थ्यावर आलेलं हे असं बालंट होतं. कुणी रचलेलं नव्हतं. एकाने पाहिलं, दुसऱ्याने लिहिलं, तिसऱ्याने पुढे पाठवलं, चौथ्याने त्यात रोजा घातला. प्रत्येकाचा वाटा इतका लहान की, आपण काही केलंय असं कुणालाच वाटलं नाही.

मग शंका आली तर गप्प बसायचं का? मुळीच नाही. २०१८ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर कर्मचाऱ्यांना नेणाऱ्या बसच्या चालकाला जपान एअरलाइन्सच्या एका को-पायलटच्या तोंडाला दारूचा वास आला. त्याने ते ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगितलं. पोलीस आले. तपासणीत रक्तात १८९ मिलिग्रॅम अल्कोहोल निघालं, म्हणजे मर्यादेच्या नऊपट. को-पायलटने गुन्हा कबूल केला आणि त्याला १० महिन्यांचा तुरुंगवास झाला. त्या बसचालकाने अनेकांचे प्राण वाचवले असतील. त्याच्यात आणि आपल्या ग्रुपवाल्यात फरक काय? शंका दोघांनाही आली. एकाने ती तपासू शकणाऱ्याच्या कानावर घातली, दुसऱ्याने ती फक्त चघळू शकणाऱ्यांच्या हातात दिली. पहिलं कर्तव्य आहे, दुसरं पाप.

आता आणखी एक माणूस आठवा. ८ मार्च १९९० रोजी अमेरिकेत नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं विमान फार्गोहून मिनियापोलिसला गेलं, तेव्हा कॉकपिटमधले तिघंही आदल्या रात्रीच्या दारूच्या अंमलात होते. कॅप्टन लाइल प्राउस यांना १६ महिन्यांची शिक्षा झाली. नोकरी गेली, परवाने गेले, नाव देशभर बदनाम झालं. प्राउस यांनी दारू सोडली, सगळे परवाने पुन्हा पहिल्यापासून मिळवले. त्याच कंपनीने त्यांना परत घेतलं आणि ते बोइंग ७४७ चे कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. २००१ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली. चुकलेल्याला परतीची वाट ठेवणारा समाज मला आवडतो. तौबेचं दार उघडं असतं, हे आपण याच महिन्यात सर्वाधिक ऐकतो.

पण ज्याने गुन्हाच केला नाही, त्याने तौबा कशाची करायची? प्राउस यांना शिक्षा भोगून, सुधारून दाखवता आलं. माझ्या विद्यार्थ्याला सुधारण्यासारखं काहीच नाही. त्याच्यावर खटला नाही, म्हणून निकालही नाही. शिक्षा नाही, म्हणून ती संपतही नाही. खऱ्या गुन्हेगाराला परत येता येतं आणि खोटा आळ आलेला मात्र कायम दारातच उभा राहतो, ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत अन्यायाची गोष्ट वाटते.

यावर काय करता येईल? व्यवस्थेकडे माझ्या तीन साध्या मागण्या आहेत. पहिली, दुसरी चाचणी होईपर्यंत कर्मचाऱ्याला बंद खोलीत बसू द्यावं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर बाकावर नाही. दुसरी, आपल्याकडे वैमानिकाचा निर्णय श्वासावर होतो. दोन्ही चाचण्यांत आकडा आला आणि तरीही तो नाकारत असेल, तर तिथल्या तिथे त्याच्या रक्ताचा नमुना घेऊन तो तपासात धरला जावा. हीथ्रोच्या प्रकरणात रक्ताच्या आकड्याने गुन्हा पक्का केला, तोच आकडा निर्दोषाला सोडवूही शकतो. वेळ गेल्यावर मात्र तो पुरावा शरीरातून निघून जातो. तिसरी, दुसऱ्या चाचणीत शून्य आलं तर तसं लेखी पत्र त्याच दिवशी त्याच्या हाती पडावं. माझ्या विद्यार्थ्याकडे मुलीच्या चाचांना दाखवायला एक कागदही नव्हता.

अशा चाचण्यांना सामोरे जाणाऱ्या आपल्या मुलांनी, मग ते पायलट असोत, एसटीचे चालक असोत की केबिन क्रू, थोडी काळजी घ्यावी. सॅनिटायझर लावलं तर हात पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. अल्कोहोल असलेलं माऊथवॉश आणि टूथजेल टाळावं, डीजीसीएच्या नियमांतही त्याला मनाई आहे. २०२३ च्या मसुद्यात तर परफ्यूमचंही नाव आलं होतं. औषध सुरू असेल, विशेषतः खोकल्याचं सिरप किंवा होमिओपॅथीचे थेंब, तर ड्युटीआधी कंपनीच्या डॉक्टरांना सांगावं. आणि पहिला आकडा चुकीचा आलाच, तर रागाने निघून जाऊ नये. निघून जाणं हे नकार देण्यासारखंच धरलं जातं. थांबावं, दुसरी चाचणी द्यावी आणि नोंदीची प्रत मागावी.

उरतो तो आपला, म्हणजे मोहल्ल्याचा प्रश्न. दारूचा आरोप आपल्या समाजात इतर आरोपांसारखा नसतो. तो माणसाच्या नोकरीवर थांबत नाही, त्याच्या दीनवर जातो, आईच्या संगोपनावर जातो, बहिणीच्या स्थळांवर जातो. म्हणूनच तो उच्चारताना जीभ जड व्हायला हवी. रमजानमध्ये आपण तेरा-चौदा तास पाण्याचा घोट घेत नाही, कुणी पाहत नसतानाही घेत नाही. इतका संयम ज्याला जमतो, त्याला मोबाइलवरचं एक बोट वीस मिनिटं आवरता येऊ नये? ज्याने खोटं बोलणं सोडलं नाही, त्याच्या भुकेतहानेची अल्लाहला गरज नाही, ही शिकवण आपण दरवर्षी बयानात ऐकतो. खोटं पुढे ढकलणंही त्यातच येतं.

मी स्वतःला यातून वगळत नाही. मागच्या रमजानमध्ये ती बातमी माझ्याही कानावर आली होती. मी ती कुणाला सांगितली नाही, पण त्याला फोन करून खरं काय ते विचारलंही नाही. ज्याच्या कर्जाच्या कागदावर सही केली, त्याच्यासाठी तोंड उघडून साक्ष दिली नाही. त्या संध्याकाळी मी त्याला हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "सर, आता द्या की."

ही घ्या, नावाशिवाय का होईना, माझी साक्ष. मोहल्ल्यातल्यांना तो कोण, हे सांगावं लागणार नाही. आणि ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला होता, त्यांना एकच विनंती : ईदच्या दिवशी गळाभेटीआधी त्याच्या वडिलांकडे जा आणि त्यांना हाताला धरून पहिल्या सफमध्ये आणून उभं करा.